विषय क्रमांक चार

फहाहील. शुक्रवार, दुपारचे साडेचार.
बाहेर धुळीनं समुद्र पुसून टाकलाय.
सुनेत्राताईंच्या हॉलमध्ये चौदा जणी
आणि वही घेऊन मी,
नऊ वर्षं इतिवृत्त लिहिणारी,
अक्षर बरं आहे म्हणून.

विषय एक: मागील इतिवृत्त कायम.
विषय दोन: महिला दिन. आठ मार्च यंदा मंगळवारी,
सबब तो अकराला साजरा व्हावा.
समानतेलाही इथे सुट्टीचा वार लागतो,
हे मी वहीत लिहिलं नाही.
विषय तीन: लिंबू-चमचा. लिंबं कुणी आणायची.
विषय चार, ऋजुतानं लावून धरलेला:
मंडळ अजून हवंच का?

ऋजुता रिफायनरीत इंजिनियर.
गाडी तिच्या नावावर, भाड्याचा करार तिच्या नावावर.
म्हणाली, मला कुणी अडवलेलं नाही.
पैठणी नेसून आपण समानतेवर भाषण ऐकतो,
टाळ्या वाजवतो, मग उखाणा घेतो.
आपलं आपल्यालाच हसू येत नाही?

आलं. दोघीतिघींना आलं.
मलाही, वहीआड.
तिचं खोटं काहीच नव्हतं.

पण मला आकडे आठवत राहिले.
इथे माणूस आकड्यावर राहतो.
नवरे अठरा नंबरच्या व्हिसावर, कंपनीचे.
आम्ही बावीस नंबरवर, नवऱ्यांच्या.
आमच्यात अठराची ऋजुता एकटीच.
बावीस म्हणजे अठराला बांधलेली होडी;
गाठ कुठे मारलीय
ते दोर सुटेस्तोवर कोण बघतं?

हेमलता घोसाळकरचा नवरा रात्रपाळीत गेला,
त्याच्यामागून तिचा बावीसही गेला.
खातं गोठलेलं. मुलीची दहावी तीन आठवड्यांवर.
तेव्हा ह्याच उखाणे घेणाऱ्या बायकांपैकी
एकीनं टायपिस्टकडून अरबीत अर्ज करून आणला,
एक रोज पहाटे इमिग्रेशनच्या रांगेत उभी,
एकीनं मुलीला घरी ठेवून भूमिती घोटून घेतली.
मी लिहिलं: किरकोळ खर्च, एकशे चाळीस दिनार.

आणि लपवू कशाला,
ती जायच्या आधीच्या संक्रांतीला
हळदीकुंकवाचं ताट तिच्यापाशी आलं
आणि पुढे गेलं.
एका खुर्चीचं अंतर.
ताट माझ्या हातात होतं.
तेही वहीत नाही.

हे सगळं मी बोलले का? नाही.
मी लिहिणारी.

चर्चा भाषणावर गेली, भाषणावरून ढोकळ्यावर.
शेवटी सुनेत्राताई म्हणाल्या, मत घेऊ.
ज्यांना मंडळ बंद व्हावंसं वाटतं, हात वर.
तेवढ्यात नागरत्नम्मा चहा घेऊन आली.
कडप्याची. वीस नंबरवर, घरकामाचा आकडा:
मोजताना अठरा-बावीसच्या मधोमध येणारा
आणि मोजताना राहून जाणारा.

ऋजुताचा हात अर्ध्यावर थांबला.
सहज, काही मनात नसताना तिनं विचारलं,
तुला काय वाटतं गं, मंडळ हवं का?
सगळ्या हसल्या. नागरत्नम्मा हसली नाही.
सात वर्षांत आमचं मराठी तिच्या जिभेवर बसलंय,
जरा तिरकं बसलंय, पण बसलंय.

ठेवा की, म्हणाली.
तुमची सभा असती तवा
ह्या बिल्डिंगीतल्या सगळ्या मॅडम हितं असत्यात.
मग आमी बाया खाली जिन्यात बसतो.
पाचव्या मजल्यावरची लंकेची, तिसरीवरची फिलिपिनो,
एक नवी आलीय, इथियोपियाची,
तिचा फोन काढून घेतलाय तिच्या घरात.
माझ्या फोनवरनं ती आईशी बोलती.
आता बोलतीय.

कुणी कप उचलला नाही.
सुनेत्राताईंनी चष्मा काढून पुसला,
पुसलेलाच परत पुसला.
नागरत्नम्मानं ट्रे टेकवला,
दारापर्यंत गेली आणि वळली:
ताई, आज जरा लांबवा सभा.

मी पान उलटलं.
विषय चार: मतदान झाले नाही.
विषय पाच, आयत्या वेळचा.
ऋजुतानं हात खाली घेतला,
खुर्ची पुढे ओढली
आणि विचारलं, फोन कुणाच्या घरात काढून घेतलाय?

चौदा जणींपैकी एकीनं
खाली बघितलं.